गाळीव ऊन

मगदुमांच्या शीतगृहात एक रीत होती. बेदाण्याची निवड कितीही हातांनी केलेली असो, पेटीला चिकटपट्टी लागण्याआधी शेवटचा हात बायाक्काचा. यंत्र काड्या आणि काळे मणी आधीच उडवून देई. मग लांब टेबलांवर बसलेल्या चाळीस बायका हिरवा आणि पिवळा माल वेगळा करीत. आणि प्रत्येक ट्रे शेवटी टेबलाच्या टोकाशी बसलेल्या बायाक्का मानेसमोर येई. ती मूठभर बेदाणा तळहातावर पसरी, अंगठ्याने चार मणी बाजूला सारी आणि उरलेला पेटीत ओती. तिने बाजूला सारलेले मणी इतरांना चांगले हिरवेगार दिसत. पण तेच मणी शीतगृहात ठेवले की श्रावण-भाद्रपदापर्यंत आतून लाल पडत आणि शेजारच्या मालालाही उतरती कळा आणत. हे तिला कसे कळते, असे कुणी विचारले तर ती म्हणे, "त्येचा हिरवा खोटा असतोय." यापलीकडे तिला सांगता येत नसे, आणि एकतीस वर्षांत कुणाला त्याची गरजही भासली नव्हती.

म्हणूनच २०३९ च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, बायाक्का तळहातावरच्या बेदाण्याकडे नुसतीच बघत बसलेली धनपाल मगदुमाला दिसली, तेव्हा तो दारातच थबकला. तिने हात डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग मूठ मिटून सगळाच माल पेटीत ओतला. एकही मणी बाजूला न काढता.

"काय आक्का, आज सगळाच माल सोन्याचा निघाला का?" त्याने हसत विचारले.

"चांगला दिसतोय की," ती म्हणाली. पण तिने वर पाहिले नाही.

वर पाहिले असते तर तिला नवे छप्पर दिसले असते. त्याला जेमतेम चार महिने झाले होते आणि धनपालला त्याचा मोठा अभिमान होता, कारण ते त्याच्या मुलीने, सन्मतीने सुचवले होते. कोल्हापूरच्या विद्यापीठात ती सौरऊर्जेवर संशोधन करीत होती. शीतगृहाच्या पक्क्या स्लॅबवर सौरपट्ट्या बसवून दहा वर्षे झाली होती, पण तेवढ्यावर तीनच खोल्या थंड राहत. निवडीची शेड मात्र विस्ताराने त्याच्या दुप्पट. तिच्यावर काळ्या पट्ट्या घालणे शक्य नव्हते. निवड करणाऱ्या हातांना दिवसाचा उजेड लागतो. त्यामुळे तिथले ऊन वर्षानुवर्षे पारभासक पत्र्यांतून नुसतेच खाली गळत होते.

सन्मतीने आणलेली फिल्म पारदर्शक होती. तिचे तत्त्व सन्मतीने वडिलांना जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितले होते. सूर्याच्या पांढऱ्या दिसणाऱ्या प्रकाशात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांची सलग पट्टी असते. माणसाच्या डोळ्यात मात्र रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. त्यामुळे त्या सलग पट्टीतल्या फक्त तीन बारीक चिरा, एक तांबडी, एक हिरवी, एक निळी, योग्य प्रमाणात डोळ्यापर्यंत पोहोचल्या, तरी डोळा त्या उजेडाला पांढराच म्हणतो. मधला सगळा प्रकाश आणि उष्णता वाहून आणणारे अदृश्य अवरक्त किरण फिल्म स्वतःकडे ठेवून घेते आणि त्यांची वीज करते. "म्हणजे ऊन गाळून घ्यायचं," सन्मती म्हणाली होती. "डोळ्याला हवं तेवढं खाली सोडायचं, बाकीचं कामाला लावायचं."

आणि ऊन खरोखरच कामाला लागले होते. दुपारी, ज्या वेळी शीतगृहाचे कॉम्प्रेसर सर्वांत जास्त धापा टाकतात, नेमक्या त्याच वेळी छप्पर सर्वांत जास्त वीज देई. डिझेलच्या जनित्रावर धूळ साचू लागली. चौथी खोली सुरू झाली आणि आजवर जागेअभावी परत पाठवाव्या लागणाऱ्या तीस बागायतदारांचा माल तिच्यात मावला. शेडमधले तापमान तर सहा अंशांनी उतरले. आदल्या उन्हाळ्यापर्यंत एप्रिलमध्ये रोज एखादी बाई चक्कर येऊन बसे. यंदा बायका दुपारी गाणी म्हणत होत्या. "आण्णा, तुमच्या लेकीनं आमच्या डोक्यावर आंब्याची सावली आणली," असे पहिल्या दिवशी बायाक्काच म्हणाली होती.

पंधरा दिवसांनी अडत्या शेडबाळ्यांचा फोन आला. "आण्णा, रागावू नका. पण यंदा तुमच्या पेट्यांत माल सरमिसळ येतोय. मगदुमांचा शिक्का बघून डोळे झाकून बोली लावणारी माणसं आता पेट्या उलट्या करून बघायला लागल्यात."

धनपाल शेडमध्ये गेला. त्याने स्वतः चार पेट्या उघडून पाहिल्या. माल एकसारखा, स्वच्छ, हिरवा. मग त्याने बायाक्काकडे पाहिले. ती एक ट्रे नाकाशी धरून वास घेत होती. शेवटच्या हाताला रंग दिसेनासा झाला आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो मनातून चरकला. त्याच वेळी सौद्याला माल नेणारा टेम्पो दारात उभा राहून हॉर्न वाजवत होता, आणि मनातली धास्ती त्याच्या तोंडून रागाचे रूप घेऊन बाहेर पडली.

"आक्का, रंग दिसत नसेल तर सांगायचं होतं. नाकानं निवड करतात का? मिरजेला जाऊन डोळे दाखवून या. तोवर ही जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

टेबलांवरच्या चाळीस जणींचे हात थांबले. बायाक्काने ट्रे खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि उठली. बाहेर जाताना तिने चपला चुकीच्या पायांत घातल्या आणि त्या काढून पुन्हा नीट घातल्या, तेवढा वेळ कुणी तिच्याकडे पाहिले नाही.

तीन आठवड्यांनी ती परत आली. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. काळा चष्मा होता. धनपालने आपणहून तिला टोकाच्या जागेवर बसवले, स्वतः ट्रे समोर ठेवला. तिने मूठ उघडली, चष्मा काढला आणि बराच वेळ पाहिले.

"न्हाई आण्णा," ती हळू म्हणाली. "समदं निळं-निळं दिसतंय. आदीपरीस वाईट."

त्याने तिला पेट्यांना चिकटपट्टी लावायच्या कामावर घातले. मजुरी तीच राहील, असे मुद्दाम सांगितले. ती दोन दिवस आली. तिसऱ्या दिवसापासून आली नाही.

एप्रिलच्या मध्यावर शेडबाळ्यांनी पुन्हा निरोप धाडला, तेव्हा धनपाल स्वतः पेट्यांबरोबर तासगावच्या सौद्याला गेला. सकाळचे दहा वाजले होते. उघड्या पटांगणात पेट्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि खरेदीदार एका पेटीकडून दुसरीकडे सरकत होते. मगदुमांच्या पेटीशी ते थांबले. शेडबाळ्यांनी स्टीलच्या परातीत बेदाणा ओतला आणि परात उन्हात धरली.

"काय आण्णा, दोन बागांचा माल एका पेटीत?"

धनपालने वाकून पाहिले. परातीत हिरव्या मण्यांत पिवळसर मणी, कोवळ्या पालवीत पिकली पाने मिसळावीत तसे, स्वच्छ दिसत होते. हे ओळखायला बायाक्काची नजर लागत नव्हती. शाळकरी पोरानेसुद्धा वेगळे केले असते.

"मगदुमांच्या पेटीत आता लॉटरी असते," मागून कुणीतरी म्हणाले. "लागली तर लागली." हशा झाला आणि रांग पुढे सरकली.

तीच पेटी घेऊन तो परतला. वाटेत त्याचा संताप चाळीस बायकांवर होता. इतका ढळढळीत फरक एकीलाही दिसू नये? शेडमध्ये आल्या आल्या त्याने पेटी पहिल्या टेबलावर पालथी केली आणि बायकांना बोलणार, तोच त्याची नजर खाली गेली. टेबलावरचा बेदाणा एकसारखा होता. स्वच्छ, हिरवा.

आपण चुकीची पेटी आणली, असे त्याला वाटले. त्याने क्रमांक ताडून पाहिला. मग दोन मुठी एका थाळीत घेतल्या आणि तो दाराकडे चालू लागला. उंबऱ्यापलीकडे उघडे ऊन पडले होते. त्याने थाळी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी धरली. बाहेरच्या अर्ध्या थाळीत दोन रंग होते. आतल्या अर्ध्या थाळीत एकच. त्याने थाळी पुढे सरकवली, मागे घेतली, पुन्हा पुढे सरकवली. पिवळे मणी छपराखाली आले की हिरव्यांत विरघळून जात आणि उन्हात गेले की परत येत.

टेबलांवरच्या बायका मालकाकडे बघत होत्या. त्याने थाळी खाली ठेवली आणि सन्मतीला फोन लावला.

ती शनिवारी आली, मोबाइलएवढा वर्णपटमापक घेऊन. आधी तिला पटले नाही. तिने टेबलावर पांढरा कागद ठेवला; तो पांढराच होता. आपल्या हाताकडे पाहिले. त्वचेचा रंग नेहमीचाच. मग तिने थाळी उंबऱ्यावर धरली आणि तिचा चेहरा बदलला. तासभर ती हिरव्या आणि पिवळ्या मण्यांवरून यंत्र फिरवत राहिली. शेवटी पडद्यावरच्या दोन वेड्यावाकड्या रेषा वडिलांसमोर धरून ती बोलू लागली, तेव्हा तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा सपाट होता.

"ह्या दोन रेषा बघा. हिरव्या मण्यावरून कुठला प्रकाश किती परत येतो, त्याची ही एक. पिवळ्याची ही दुसरी. बहुतेक ठिकाणी दोन्ही सारख्याच आहेत. फरक आहे तो इथे आणि इथे. पण नेमका तेवढाच प्रकाश आपली फिल्म वरच्या वर गिळते. खाली ज्या तीन चिरा येतात, तिथे दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात. फरक दाखवणारा उजेडच खाली येत नाही. मग डोळे कितीही चांगले असले तरी ते करणार काय?"

"पण बसवायच्या आधी तपासलं होतंस ना?"

"तपासलं होतं. रंग खरे दिसतात का, हे बघायच्या ठरावीक चकत्या असतात. पंधरा रंगांच्या. त्या सगळ्या पास झाल्या." ती थांबली. "त्या चकत्यांत बेदाणा नव्हता, पप्पा."

धनपालने टेबलाच्या टोकाकडे, बायाक्काच्या जागेकडे पाहिले. नंतर म्हणाला, "बायाक्काला मी सगळ्यांसमोर बोललो."

फिल्म बसवणाऱ्या कंपनीचा अधिकारी फोनवर अतिशय सौजन्याने वागला. ही अडचण नवी नव्हती, असे त्याच्या बोलण्यावरून वाटले. छपराला हात लावू नका, त्याने सुचवले. स्वतःचा दिवा असलेला नवा कॅमेरा घ्या. तो एकेक मणी बघून हवेच्या झोताने वेगळा करील. कॅमेऱ्याला सावली-ऊन सारखेच. मग शेडमध्ये माणसांना दिसायलाच हवे, अशी गरजही राहत नाही.

"आणि लाल पडणारे मणी?" धनपालने विचारले.

"तसे नमुने तुम्ही वेगळे करून दिलेत, तर कॅमेरा शिकेल."

"ते वेगळे कोण करून देणार?"

"तुमच्याकडे कुणी जाणकार असेलच."

फोन ठेवल्यावर बापलेक टेबलापाशी बसून राहिले. दुसरा मार्ग सन्मतीने कागदावर आखून ठेवला होता: टेबलांच्या वर येणारी, छपराच्या उत्तरेकडची फिल्मची रुंद पट्टी उतरवायची, तिथे जुने पारभासक पत्रे घालायचे. एवढी वीज गेली की उन्हाळ्यात चौथी खोली थंड राहणार नाही. तिच्यातला माल लवकर विकावा लागेल आणि पुढच्या वर्षी तीस बागायतदारांना नाही म्हणावे लागेल. शिवाय टेबलांवर पुन्हा तेच रणरणते ऊन.

"कॅमेरा वाईट नाही, पप्पा. मला वाटतं, दहा वर्षांनी सगळीकडे तोच असेल."

"असेल. मी त्याला नाही म्हणत नाही," धनपाल म्हणाला. "पण आपल्या छपरानं बायका आंधळ्या केल्या आणि त्या आंधळ्या आहेत म्हणून त्यांना काढलं, असं होईल ते. ते मला जमणार नाही. आधी छप्पर नीट करू. मग कॅमेऱ्याचं बघू."

बायाक्काचे घर गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या वर होते. धनपाल दुपारी तिथे गेला, तेव्हा ती दारात शेंगा फोडत बसली होती. शेडमध्ये ती त्याला अहो-जाहो करी; पण घरी मात्र, त्याला लहानपणी कडेवर घेतलेले असल्याने, तिच्या तोंडी दुसरी भाषा येई.

"बस. चा घेतोस?"

त्याने पायरीवर बसून सगळे सांगितले. छप्पर, तीन चिरा, उंबऱ्यावरची थाळी. तिने शेंगा फोडणे थांबवले नाही. सांगून संपल्यावर तिने टरफले पदरातून झटकली.

"म्हंजे माझा डोळा चांगला हुता?"

"होता, आक्का."

"डाक्टर म्हनला हुता, मोतीबिंदू कवळा हाय, दोन वर्सं थांबला तरी चालंल. मीच म्हनलं, आत्ताच काढा, हंगाम चालू हाय, मालक खोळंबल्यात." ती ओढ्याकडे बघत राहिली. "आता ह्या डोळ्याला पांढरं लुगडंबी निळसर दिसतंय. हळूहळू सवय हुईल म्हनत्यात."

"माझी चूक झाली," तो म्हणाला.

"हितं कशाला सांगतोस? हितं ऐकाय माझ्याशिवाय कोन हाय?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले. "जितं बोललास तितं सांग. मग मी येते का न्हाई ते बगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात होण्याआधी धनपाल टेबलांच्या मधोमध उभा राहिला. बायाक्का दाराशी, आत न येता, भिंतीला टेकून उभी होती. त्याने थाळी उंबऱ्यावर धरून सगळ्यांना फरक दाखवला. मग म्हणाला, "दोष डोळ्यांचा नव्हता. छपराचा होता. ते मी घातलं, आणि बोल आक्काला लावला. तिला जे बोललो ते चूक होतं."

मग दुसऱ्या टेबलावरच्या शेवंता कोळीने पिशवीतून चष्म्याची डबी काढली आणि टेबलावर आपटल्यासारखी ठेवली. "म्हंजे ह्यो मी उगंच केला?"

"तूबी केलास?" तिच्या शेजारणीने विचारले आणि स्वतःची डबी काढली. पलीकडून आणखी दोन डब्या निघाल्या. एकीचेही दुसरीला ठाऊक नव्हते. रंग दिसत नाही असे म्हटले की जागा जाते, हे बायाक्काच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिले होते; म्हणून प्रत्येकीने अंधार स्वतःच्याच डोळ्यांत आहे असे धरून तो लपवला होता. चार डब्या एका रांगेत पाहून आधी शेवंता हसली, मग सगळी शेड हसली. धनपालला मात्र हसता आले नाही. एवढ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कानावर यायला त्याला भर पटांगणातला हशा ऐकावा लागला होता.

पट्टी उतरवायची ठरली, तेव्हा उन्हाचा प्रश्न निघाला. "पुन्हा भट्टीत बसायचं व्हय?" एकीने विचारले आणि बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. थंडावा खरा होता आणि तो कुणालाच सोडवत नव्हता. शेवटी तोड बायकांनीच काढली: निवड सकाळी सात ते अकरा उघड्या पट्टीखाली, त्यानंतर टेबले मोकळी ठेवून पेट्या भरणे, चिकटपट्टी, वजन, सगळे गाळीव उन्हाच्या सावलीत. सन्मतीने ते लिहून घेतले. आपल्या सगळ्या आकडेमोडीत कामाचे तास बदलून पाहायचे तिला सुचले नव्हते.

"आनि एक," दाराशी उभी असलेली बायाक्का पहिल्यांदाच बोलली. "फुडच्या बारीला छप्पर बदला, न्हाईतर यंत्र आना. आदी आमाला त्येच्याखाली बसवून बगा. कागूद नगा बगू."

"बरं," सन्मती म्हणाली.

मेच्या पहिल्या सोमवारी उत्तरेकडची पट्टी उघडी झाली. चौथ्या खोलीतला माल निम्मा हलवला होता. ज्यांना तो घाईने विकावा लागला, त्यांच्यापैकी दोघांनी धनपालशी बोलणे सोडले होते. सात वाजता बायाक्का टोकाच्या जागेवर येऊन बसली. तिने तळहातावर बेदाणा पसरला आणि डावा डोळा मिटून घेतला. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरू लागला होता, हे आता सगळ्यांना माहीत होते. त्या एका डोळ्याची किती वर्षे उरली आहेत, हे कुणीच विचारले नाही. सन्मतीने तिच्या शेजारी एक स्टूल ओढून घेतले होते आणि शेवंतालाही बोलावून बसवले होते.

अंगठा सावकाश चालू लागला. ट्रे संपला, तेव्हा बायाक्कासमोर दोन ढीग होते, एक मोठा, एक लहान.

"ह्यो श्रावनात लाल पडंल," लहान ढिगावर हात ठेवून ती म्हणाली. "थंडीत ठेवू नका. आत्ताच इकून टाका."

सन्मतीने वर्णपटमापक दोन्ही ढिगांवर धरला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. त्यांत कुठेतरी केसाएवढे अंतर होते, पण यंत्राच्या स्वतःच्या चुकीची मर्यादाही तेवढीच होती. तिने वडिलांकडे पाहून मान हलवली. हो की नाही, ते तिलाही सांगता येत नव्हते.

धनपालने वाकून आधी एक ढीग पाहिला, मग दुसरा. सकाळचे कोवळे, न गाळलेले ऊन दोन्हींवर सारखेच पडले होते आणि त्याच्या डोळ्यांना दोन्ही ढीग एकाच रंगाचे दिसत होते.

"वेगळ्या पेट्या करा," तो म्हणाला.